तापीत टाकून दे, म्हणाले सगळे

आमचं गावातलं जुनं घर धाब्याचं. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते: सागाच्या सऱ्यांवर काड्या-पाला पसरायचा आणि वर खाऱ्या मातीचा जाड थर दाबायचा, की झालं सपाट छत. दर उन्हाळ्यात त्यावर नवी खारी टाकावी लागते. आबा गेले त्यानंतर ती कुणी टाकली नाही. 2023 च्या जूनअखेरीच्या पावसात मागच्या खोलीचं धाबं खचलं आणि पुढच्या रविवारी, 2 जुलैला, आम्ही सामान काढायला गावी जमलो. मी, माझा पुण्याचा भाऊ, नाना म्हणजे आमचे धाकटे काका, आणि शाळेला सुट्टी म्हणून आलेला माझा भाचा.

माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजीची दोन लुगडी, पितळी अडकित्ता, बियाण्याच्या हिशेबाच्या वह्या निघाल्या. तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. भाच्यानं ते उलगडलं आणि पुढचा अर्धा मिनिट कुणी काही बोललं नाही.

पिस्तूल होतं. सिनेमात दिसतं तसलं नाही. वीतभर नळी, वाकलेला लाकडी दस्ता, दस्त्याच्या टोकाला पितळी टोपण, नळीखाली बिजागरीनं जोडलेला गज. भाचा घोडा मागे ओढून बघू लागला. मी ओरडले ते केवळ गंजानं हात कापेल म्हणून. तेव्हा मला एवढंच सुचलं.

मग सुरू झाला सल्ल्यांचा पाऊस. नानांचं ठरलेलं होतं: “पोरी, तापीमा टाकी दे. कोनले सांगू नको.” भाऊ म्हणाला, पुन्हा गुंडाळून ठेव, इतकी वर्षं होतंच ना. शेजारच्या काकू डोकावल्या आणि दहा मिनिटांत अर्ध्या गल्लीला कळलं. तापीत टाकायचा बेत तिथेच बारगळला, कारण आता टाकलं असतं तरी “टाकलं” याचे वीस साक्षीदार झाले होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आयुष्य नोंदवहीत गेलं. ज्याला दाखलक्रमांक नाही ती वस्तू मला अस्वस्थ करते. शिवाय यजमानांचे एक वकील मित्र आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी तीन वाक्यांत काम सांगितलं: हात लावू नका, पेटीसकट खोलीला कुलूप लावा, आणि आजच्या आज लेखी कळवा, वेळेसकट. “सापडलं तेव्हा कळवलं” आणि “पोलिसांना सापडलं तेव्हा सांगितलं” यांत शस्त्र कायद्याच्या कलम 25 चं अंतर आहे, असंही म्हणाले. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याचा गुन्हा त्या कलमात येतो.

दुपारी एकला पोलीस पाटलांना बोलावलं. त्यांनी लांबूनच बघितलं. संध्याकाळी पाचला मी ठाण्यात. अर्ज हातानं लिहिलेला, दोन प्रतींत. कुठे, किती वाजता, कोणासमोर सापडलं, वस्तू सध्या कुठे आहे, आणि “मी ती जागेवरून हलवलेली नाही” हे वाक्य. हे शेवटचं वाक्य पुढे फार कामाला आलं. पिशवीत घालून ठाण्यात नेऊ नका, कितीही प्रामाणिक हेतू असला तरी. नेणं म्हणजे वाहतूक, आणि त्याला परवाना लागतो.

ठाणे अंमलदारांनी अर्ज वाचला, मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “ताई, पंचवीस लागेल बरं का.” पोटात गोळा आला. पण दुसऱ्या प्रतीवर पोच दिली, शिक्का आणि वेळ टाकून. ती पोच मी प्लास्टिकच्या पाकिटात घातली आणि पुढचे पंधरा महिने ती माझ्या पर्समध्ये होती.

दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन हवालदार गावी आले. पंचनामा झाला. “एक जुने लोखंडी व लाकडी पिस्तूलसदृश हत्यार, लांबी सुमारे 15 इंच, गंजलेले.” सदृश हा शब्द मला फार आवडला. वस्तू सील होऊन ठाण्यात गेली. गुन्हा दाखल झाला नाही, नुसती डायरीला नोंद झाली. नाना दोन दिवस जेवले नाहीत नीट. त्यांना वाटत होतं घराण्याच्या नावाला बट्टा लागला.

इथे एक गंमत सांगते. ठाण्यातल्याच एका अनुभवी माणसानं शंका काढली की हे गुप्तधन तर नाही? मला हसू आलं, पण घरी येऊन वाचलं तर शंका अगदीच वेडगळ नव्हती. गुप्तधनाचा कायदा 1878 चा आहे आणि जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही लपवलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. भिंतीतल्या बुजवलेल्या कोनाड्यात सापडलं असतं तर मी त्यातही अडकले असते. आमचं पेटीत होतं, पेटी माळ्यावर, आणि पेटीची किल्ली आजीच्या जुडग्यात. लपवलेलं नव्हतं, विसरलेलं होतं. तसा जबाब दिला. योगायोग असा की ज्या कायद्यानं हिंदुस्थानी माणसाला हत्यारासाठी परवाना लागू झाला तो लॉर्ड लिटनच्या काळातला शस्त्र कायदाही 1878 चाच. आमच्या कुणा पूर्वजानं ते धोतरात गुंडाळलं ते त्याच सुमारास असेल का, हा विचार मला अजून सोडत नाही. पुरावा काही नाही.

18 जुलैला ठाण्यातून फोन आला. मुख्यालयातले आर्मोरर, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रागारातले हत्यारांची देखभाल करणारे, वस्तू तपासणार होते आणि मला हजर राहायला सांगितलं होतं. निवृत्तीला आलेले गृहस्थ. चष्मा कपाळावर. त्यांनी आधी घोड्याला हात लावला नाही. एक लाकडी काठी नळीत तोंडाकडून घातली, टेकली तिथे पेन्सिलीनं खूण केली, काठी बाहेर काढून नळीवर बाहेरून धरली. नळी 9 इंचांची. काठी सातच इंच आत गेली होती.

“मॅडम, हे भरलेलं आहे.”

मला आधी समजलंच नाही. ते शांतपणे म्हणाले, काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेते. यात टोपी बसवलेली नाही म्हणून वाचलात. टोपी म्हणजे तांब्याची छोटी वाटी, तिच्या आत ठिणगी देणारं द्रव्य असतं. ती निपलवर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या भोक असलेल्या बोंडीवर बसवायची, घोडा तिच्यावर पडतो आणि ठिणगी नळीत जाते. माझ्या डोळ्यांपुढे घोडा ओढणारा भाचा आला. आजी दर दिवाळीला त्या माळ्याखाली पणती ठेवायची, तेही आठवलं. मी खुर्ची मागितली.

त्यांनी निपलच्या भोकातून आणि तोंडातून तेल सोडलं, चार दिवस तसंच उभं ठेवलं आणि मग पंचांसमोर गजाच्या टोकाला पेचासारखा आकडा लावून आतला माल ओढून काढला. कापडाचा बोळा, शिशाची गोल गोळी, आणि खाली काळ्या ढेपेसारखी दारू. गोळी माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी होती, 16 मिलिमीटरच्या आसपास. तिचा वेगळा पंचनामा झाला. दारुगोळा म्हणून ती जप्त झाली ती कायमची. परत मागायचा अधिकार नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला मागवलंही नाही.

म्हणून ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर टांगलेली आहे त्यांना हात जोडून सांगते: ती भरलेली आहे असंच धरून चाला. काठीचा प्रयोग स्वतः करू नका. पोरांना घोडा ओढू देऊ नका.

आर्मोररनी अहवालात लिहिलं की हत्यार सध्या चालू स्थितीत नाही, पण दुरुस्त केल्यास चालू शकेल. मला वाटलं, छान, बंद आहे म्हणजे सुटलो. वकील म्हणाले, सुटलो नाही, अडकलो. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 45 मध्ये जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्तीनं किंवा दुरुस्तीविना, कसंही वापरता येऊ नये. “दुरुस्त केल्यास चालू शकेल” या चार शब्दांनी ते दार बंद झालं.

मग काय मार्ग? परवाना. वारसाहक्कानं शस्त्र मिळतं, पण आधीच्या मालकाकडे परवाना हवा. आबांकडे नव्हता, त्यांच्या वडिलांकडेही असल्याचा कागद नाही. नव्यानं परवाना मागायचा तर कारण द्यावं लागतं. एका कार्यालयातल्या लिपिकांनी मदत म्हणून पीक संरक्षणाचा अर्ज पुढे केला. आमच्याकडे रानडुकरांचा त्रास आहे, तेव्हा कल्पना वाईट नव्हती. पण तो परवाना ठासणीच्या बंदुकीसाठी असतो, पिस्तुलासाठी नाही, आणि दीडशे वर्षांच्या पिस्तुलानं रानडुकराला मी काय सांगणार होते? दुसऱ्या एकानं सुचवलं, नळीला आडवं भोक पाडून टाका, निकामी झालं की मोकळ्या व्हाल. हा सल्ला मला पुढे तीन ठिकाणी मिळाला. कायद्यानं तो चूक नसेलही. पण ज्या वस्तूनं एवढा काळ काढला तिला ड्रिल मशीन लावायला माझं मन होईना.

सगळ्यात सोपा मार्ग खरं तर सरकारी संग्रहालयाला देऊन टाकण्याचा. नाना त्याला तयार होते, भाऊही. मीच नव्हते. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

ऑगस्टमध्ये वकिलांनी एक कागद पाठवला. केंद्रीय गृह मंत्रालयानं फेब्रुवारी 2020 मध्ये काढलेली अधिसूचना. तिच्यानुसार “क्युरिओ” या वर्गातली लहान शस्त्रं मिळवायला आणि बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. क्युरिओ कशाला म्हणायचं तेही शस्त्र नियमांत दिलेलं आहे: किमान 50 वर्षांपूर्वी बनलेलं हवं आणि नक्कल नको; महापालिकेच्या, राज्याच्या किंवा केंद्राच्या संग्रहालयाच्या अभिरक्षकानं ते संग्रहालयात ठेवण्याजोगं आहे असं प्रमाणपत्र दिलेलं हवं; आणि त्याची किंमत मुख्यतः त्याच्या दुर्मिळपणामुळे किंवा इतिहासाशी असलेल्या नात्यामुळे हवी. वापरायचं, घेऊन फिरायचं किंवा एका जागेवरून दुसरीकडे न्यायचं तर मात्र परवाना लागतोच, आणि त्यासाठी दारुगोळाही परवान्यावर नोंद असल्याशिवाय मिळत नाही.

ही अधिसूचना छापून मी संबंधित कार्यालयात गेले तर उत्तर आलं, “असं काही नसतं मॅडम.” कागद वाचून झाल्यावर, “आमच्याकडे असं आलं नाही अजून.” तिसऱ्या वेळी साहेब मीटिंगला. चौथ्या वेळी माझी फाईल सापडेना. रागवायला मलाही येतं, पण ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाला माहीत असतं की हरवलेली गोष्ट बहुधा चुकीच्या कपाटात असते. मी जावक क्रमांक घेऊन आलेच होते. त्यावरून ती दुसऱ्या टेबलावर, कोणत्या तरी पेट्रोल पंपाच्या ना-हरकतीच्या गठ्ठ्यात सापडली. प्रत्येक कागदाचा आवक-जावक क्रमांक आणि तारीख एका वहीत लिहीत जा. माणसं बदलतात, टेबलं बदलतात, क्रमांक राहतो.

दरम्यान कागद जमवणं चालू होतं. भावाचं आणि आत्याच्या मुलांचं संमतीपत्र, की ही वस्तू माझ्या ताब्यात राहायला हरकत नाही. 100 रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र. घराचा उतारा. आबांच्या मृत्यूचा दाखला. चारी बाजूंनी काढलेले फोटो, ते ठाण्यातच, हवालदारांच्या देखरेखीखाली, शेजारी मोजपट्टी ठेवून. फोटोग्राफरनं पहिल्या खेपेला मोजपट्टी विसरली आणि मला पुन्हा तारीख घ्यावी लागली.

त्या फोटोंमुळेच वस्तूशी माझी खरी ओळख झाली. घोड्यापाशी जी लोखंडी पाटी असते, तिच्यावर गंजाखाली एक आकृती दिसत होती. नाना पहिल्यापासून सांगत होते, हे शिवाजी महाराजांच्या काळातलं. मी फोटो मोठा करून पाहिला. मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह, पुढच्या पायांत मुकुट. हे ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह. आधी कंपनी बदामाच्या आकारात आपली आद्याक्षरं मारायची, 1808 च्या सुमारास हा सिंह आला. शिवाय टोपीवर उडणारी पद्धतच मुळात एकोणिसाव्या शतकातली. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्यानं ठिणगीच्या द्रव्याचं पेटंट 1807 मध्ये घेतलं, तांब्याच्या टोप्या त्यानंतर आल्या आणि इंग्रजी सैन्यानं ही पद्धत 1840 च्या आसपास उचलली. सिंहाखाली आकडे होते. पहिले तीन स्पष्ट, 185, चौथा गंजानं खाल्लेला. 1858 मध्ये कंपनीचं राज्यच संपलं, तेव्हा हे बहुधा 1850 ते 1858 मधलं.

नानांना सांगितलं तर ते हिरमुसले. दोनशे वर्षं एकदम कमी झाली ना. मग मीच त्यांना म्हटलं, नाना, आपल्याकडे कंपनीच्या जेम्स आउट्रमनं 1825 मध्ये भिल्ल पलटण उभी केली, धरणगावला तिचं ठाणं होतं, 1857-58 मध्ये सातपुड्यात काय काय झालं. हे त्या दिवसांतलं आहे. त्यातलं कोणाचं, कसं आलं, माहीत नाही. पण ते आपल्याच मातीतलं प्रकरण आहे. नाना म्हणाले, “मंग फिरंग्यानं शे का आपलं?” फिरंग्याचं आहे की आपलं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

अभ्यासासाठी मी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात दोनदा जाऊन बसले. ग्रंथपालाला तिथे करमतं. पण प्रमाणपत्राच्या दृष्टीनं तो मार्ग नव्हता, कारण नियमात सरकारी किंवा महापालिकेचं संग्रहालय म्हटलंय आणि मंडळ ही स्वतंत्र संस्था आहे. हे आधी वाचलं असतं तर एका चुकीच्या पत्त्यावर टाईप करून घेतलेला अर्ज वाया गेला नसता.

शेवटी शासनाच्या एका संग्रहालयाला ऑक्टोबर 2023 मध्ये पत्र गेलं. माझं नाही, पोलिसांच्या मार्फत, कारण वस्तू त्यांच्या ताब्यात. उत्तर जानेवारीत आलं: फोटोवरून प्रमाणपत्र देता येणार नाही, प्रत्यक्ष वस्तू आणावी. आणणार कोण? मी आणू शकत नाही. पोलिसांना दुसरी कामं आहेत. मी दर पंधरा दिवसांनी ठाण्यात जाऊन नमस्कार करून यायचे. काही बोलायचं नाही, फक्त दिसायचं. हवालदार मला बघून म्हणायचे, “आल्या पिस्तूलवाल्या ताई.”

याच काळात 19 फेब्रुवारीला शिवजयंतीनिमित्त तालुक्याच्या सभागृहात शस्त्रप्रदर्शन भरलं. अशी प्रदर्शनं आपल्याकडे गावोगाव भरतात. मी पूर्वी पोरांना घेऊन जायचे, दांडपट्टा बघायचा, फोटो काढायचा, घरी यायचं. या खेपेला मी प्रत्येक टेबलापाशी वाकून पाट्या वाचत होते. तलवारी, कट्यारी, बिचवे, एक सुंदर बारूददाणी. बंदुका-पिस्तुलं कोपऱ्यात, आणि बहुतेकांपुढे एकच चिठ्ठी: “शिवकालीन”. त्यातलं एक पिस्तूल टोपीवर उडणारं होतं. मी त्या संग्राहकांना हळूच विचारलं. बाहेरगावचे, साठीचे गृहस्थ, त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि हसत म्हणाले, “ताई, चिठ्ठ्या आयोजकांनी लिहिल्यात. लोकांना तेच वाचायचं असतं.”

मग त्यांनी तासभर शिकवलं. जुन्या बाजारात “टॉवर” असा, म्हणजे लंडनच्या सरकारी शस्त्रागाराचा शिक्का मारलेली पिस्तुलं ढिगानं मिळतात, आणि त्यातली पुष्कळशी गेल्या पन्नास-साठ वर्षांत सजावटीसाठी केलेली. ओळखायचं कसं? अक्षरं वेडीवाकडी, कधी उलटी. शिक्क्यातल्या मुकुटाचा आकार बटाट्यासारखा. पेचांच्या खाचा नव्या यंत्रानं पाडलेल्या. पितळेची नक्षी गरजेपेक्षा जास्त. खऱ्या लष्करी पिस्तुलाला नक्षी कशाला? लाकडाचा आणि लोखंडाचा जोड बघा, म्हणाले, खऱ्यात नख शिरत नाही. माझे फोटो त्यांनी बराच वेळ पाहिले. “नळीखालचा गज बिजागरीचा आहे. घोडेस्वाराच्या हातून पडू नये म्हणून.” हे मला कुठल्याही कागदानं सांगितलं नव्हतं.

त्यांच्याकडे प्रत्येक वस्तूची फाईल होती, मूळ वस्तूपेक्षा जाड. दाखवल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही. बाहेर निघाले तर वाहनतळापाशी एक तरुण मागे आला. ऐकलं होतं त्यानं आमचं बोलणं. “ताई, सुटलं की सांगा, चाळीस हजार रोख. कागदाचं आपण बघू.” पगार महिन्याच्या एक तारखेला होतो, धाबं पडलेलं, पत्रे टाकायचे होते. चाळीस हजार आठवडाभर डोक्यात घोळले, खोटं कशाला बोलू. पण “कागदाचं आपण बघू” म्हणणाऱ्या माणसाच्या हाती गेलेली वस्तू उद्या कुठे सापडेल आणि तिच्यावर नाव कोणाचं असेल, हेही घोळलं.

16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आता जूनपर्यंत विसरा, असं स्पष्ट सांगण्यात आलं. त्यांचंही बरोबर, ज्यांच्याकडे परवाने आहेत त्यांची हत्यारं जमा करून घेण्याचंच काम एवढं असतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 ला टेकतो. ठाण्याच्या पत्र्याखालच्या खोलीत त्या लाकडाचं काय होत असेल, या विचारानं मी एकदा जाऊन हवालदारांना विनंती केली की ते खिडकीपासून लांब ठेवा. त्यांनी ठेवलं. खोटं वाटेल, पण पूर्ण प्रक्रियेत मला सगळ्यात जास्त ज्यांचे आभार मानावेसे वाटतात ते हेच.

जुलैत योग आला. कोर्टाच्या कामासाठी पोलिसांची गाडी त्याच शहरात जाणार होती. वस्तू सीलबंद डब्यात गाडीनं आणि मी मागून लाल डब्यानं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यानं या सगळ्या धावपळीत माझे बरेच पैसे वाचले.

अभिरक्षक बाई होत्या. पांढरे सुती हातमोजे घालून त्यांनी ते उचललं, भिंगातून पाहिलं, नळीवरचे छोटे ठसे पाहिले, लाकडाच्या आतल्या बाजूला कोरलेले खुणेचे आकडे वहीत उतरवून घेतले. चाळीस मिनिटं. मी परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी बाकावर. शेवटी म्हणाल्या, “चांगलं आहे. कुणी पॉलिश केलं नाही हे नशीब.” लोक चिंच, लिंबू, पितांबरी लावून चकचकीत करतात आणि शिक्के पुसून टाकतात, असं त्या वैतागून सांगत होत्या. गंज वाढू नये म्हणून तेलाचा बोट फिरवल्यासारखा हात, लाकडाला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा थेंब, यापलीकडे काही करू नका. संग्रहालयाला द्यायचं मनात आलं तर या, असंही म्हणाल्या. दबाव टाकला नाही.

प्रमाणपत्र ऑगस्टअखेर टपालानं आलं. ते जोडून पुन्हा अर्ज, पुन्हा टिपणी, पुन्हा सह्या. 4 ऑक्टोबर 2024 ला पत्र हातात पडलं: सदर वस्तू क्युरिओ असून ताब्यात ठेवण्यास परवान्याची आवश्यकता नाही, वापर व वाहतूक करू नये, दारुगोळा बाळगू नये, जागा बदलल्यास कळवावे. दीड पान. पंधरा महिन्यांचं दीड पान.

आता ते घरी आणायचं कसं? वाहतूक करू नये असं पत्रातच लिहिलेलं. मी आणि ठाणे अंमलदार एकमेकांकडे बघत राहिलो आणि दोघांनाही हसू फुटलं. हेच ते पंचवीस लावणारे. शेवटी 9 तारखेला हवालदारच डबा घेऊन माझ्या तालुक्याच्या घरी आले, पंचांसमोर सुपूर्तनामा झाला, चहा झाला. तोवर मी भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट करून घेतलं होतं. बँकेच्या लॉकरचा विचार असेल तर सोडून द्या, करारातच शस्त्र ठेवू नये असं लिहिलेलं असतं.

खर्च विचारतात सगळे, म्हणून लिहिते. मुद्रांक आणि नोटरी 800, टायपिंग-झेरॉक्स 650, फोटो 600, बसभाडं 14 खेपांचं साधारण 1,680, वकिलांनी घरचे म्हणून घेतलेले 3,000, आणि कपाट 6,500. एकूण 13,230. चहापाण्याला म्हणून कुणाला काही दिलं नाही. एकदा मागितल्यासारखं वाटलं, मी न समजल्यासारखं केलं. नियम बदलत राहतात आणि मी वकील नाही, तेव्हा तुमच्या वस्तूसाठी तुमच्या वकिलाकडून ताजा नियम वाचून घ्या.

12 ऑक्टोबरला दसरा. तीन दिवसांनी, 15 ला, विधानसभेची आचारसंहिता लागली. आठवडाभर उशीर झाला असता तर दिवाळीही ठाण्यातच गेली असती. नाना गावाहून आपट्याची पानं घेऊन आले. पाटावर विळा, कोयता, माझ्या ग्रंथालयाच्या किल्ल्या मांडल्या. कपाट उघडून पिस्तूल पांढऱ्या कापडावर ठेवलं. आईनं हळदकुंकवाची वाटी उचलली तशी मी तिचा हात धरला. ओल्या हळदीनं लोखंड गंजतं, आई. ती म्हणाली, दसऱ्याला हळदकुंकू नाही तर मग काय पूजा? बराच वेळ वाद झाला. शेवटी नानांनीच तोड काढली. मी फाईल आणली, ती जाडजूड, पोचेपासून सुपूर्तनाम्यापर्यंत सगळे क्रमांक असलेली, आणि आईनं तिच्या पुठ्ठ्यावर ठसठशीत पाच बोटं ओढली.